गावी गेलेला ताप

खराबवाडी, चाकण
६ जुलै २०२५

ती. इंदुमावशीस,
रविराजचा नमस्कार.

फोन तुझ्या कानात नुसता घुमतो, आणि शेजारच्या पोरीकडून मेसेज वाचून घ्यायचे तर आपलं सगळं गावभर. म्हणून पत्र. हिंदुराव त्याची ट्रॅव्हल्सची बस घेऊन रात्री तिकडं निघतोय, चटणीचा रिकामा डबा त्याच्याकडे दिलाय, त्यातच हे घातलंय. वास आला तर चटणीचा समज.

नवी नोकरी लागली. हसू नको. कुरिअर सुटलं, कारण त्या गाडीवर बसून माझी पाठ गेली. त्याआधीचं गोडाऊन का सुटलं ते मला आठवत नाही. हे काम चालायचं आहे. एका संस्थेनं टॅब दिलाय, गळ्यात ओळखपत्र. घरोघर जायचं आणि विचारायचं, गेल्या महिन्यात कुणाला तीन दिवसांहून जास्त ताप आला का, आला तर दवाखान्यात काय निघालं. टायफॉइड हजारी किती लोकांना होतो ते आमच्या वर्षाली मॅडमना मोजायचंय. तुम्ही त्याला मुदतीचा ताप म्हणता. खाण्यापाण्यातून जातो तो.

मोजणं सोपं वाटलं होतं. इथं कुणालाच ताप येत नाही, मावशी. "ताप होता का?" "नाही हो, कणकण होती." "किती दिवस?" "होती आपली. पण शिफ्ट नाही चुकवली." म्हणजे उभं राहता आलं की आजारी नाही. परवा मला रहाटणीला पाठवलं, तिथल्या सोसायटीत एक बाई म्हणाल्या, आम्ही बाहेरचं काही खातच नाही. माझ्या मागं लिफ्टमधून पोरगं त्यांचीच बिर्याणी घेऊन उतरलं. त्यांनी ती घेतली आणि दार लावलं. मी काय टिपायचं?

चऱ्होलीत एक कुत्रं माझ्याबरोबर नऊ बिल्डिंगी चढलं. त्याचं सांगायला बसलो तर पत्र संपायचं नाही.

तुझा समाधान मजेत आहे. ओव्हरटाइम फार, म्हणून तो वेगळं लिहीत नाही. जेवण व्यवस्थित. हल्ली त्याला मऊ भात आवडतो, मीच करून घालतो.

पाय दुखतात. बाकी ठीक.

तुझा रविराज


बोरखडी
९ जुलै

चि. रविराज यास,
आशीर्वाद.

डबा मिळाला. धुतला नव्हतास.

माझ्या पोरानं जन्मात मऊ भात खाल्लेला नाही. लहानपणी ताटात आला तर ताट ढकलायचा. कानानं मी अधू आहे, अकलेनं नाही. त्याला काय झालंय ते खरं लिही. त्यानं तुला शपथ घातली असंल तर माझीही घालून घे, माझी मोठी.

वाट बघत बसण्याची ताकद आता माझ्यात राहिली नाही. त्याचे वडील असेच तापात गेले, तेव्हाही मला शेवटीच कळलं. मी काल मारुतीला नवस बोलले. पोरगं उठू दे, श्रावणाच्या पहिल्या शनवारी त्याच्या स्वतःच्या हातानं मलिदा करवून शाळेतल्या लेकरांना वाटीन. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही, असंही बोलले.

सरूबाई दळायला आली होती. शाळेत खिचडी शिजवती ती. तिला सांगितलं तर म्हणाली, "इंदे, नवस बोललीस ना, मग आता झोप." ती तशीच आहे, दोन शब्दांत मोकळी. पण झोप काय लागली नाही.

हिंदुरावच्या हाती लगेच उत्तर दे.

तुझी मावशी


खराबवाडी
१३ जुलै

ती. मावशीस,

चुकलो. टायफॉइड निघाला होता समाधानला. त्याच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसशॉपमधल्या पोरांनी मिळून एका गाड्यावर काहीतरी खाल्लं, त्यातले चौघं पडले. पण आता उठलाय. चार दिवस झाले, ताप नाही. काल खाली जाऊन त्यानं दाढी करून घेतली, आणि न्हाव्याशी भांडूनही आला. म्हणजे बराच झाला. गोळ्या थोड्या राहिल्यात, पण त्यांनी तोंड कडू होतं म्हणून घेत नाही. मीही आग्रह केला नाही. ताप गेला की संपलं.

आता गंमत ऐक. गंमत कसली, वैतागच आहे. आमच्याच चाळीचा सर्व्हे माझ्याकडे आला. सर्व्हे करणाऱ्यानं स्वतःचं घर सोडायचं असा नियम. म्हणजे ज्या एका खोलीत मला ठाऊक असलेला आजारी माणूस झोपला होता, तीच मोजायची नाही. बाकी खोल्यांतले तिघं-चौघं तापानं पडलेले, पण ते गावाला निघून गेले. कुणी लातूरला, कुणी परळीला. इथं आजारी पडायला कुणाला परवडतंय? कोण पाणी देणार? टॅबवर त्यांच्यासाठी एक चौकोन आहे, 'गावी गेला'. तिथं टिक केली की पुढचा प्रश्नच उघडत नाही.

मालक कोंडीराम बाजेवर बसून बघत होते. "काय रं रविराज, किती निघालं?"

म्हणलं, "शून्य."

"मग? आमच्या चाळीत ताप न्हाई. व्हता तो गेला गावाला."

"अहो काका, गेला म्हणजे बरा झाला का?"

"ते त्याच्या गावानं बघावं. आजारी मानसं ठिवायला आमी काय दवाखाना काढलाय व्हय?"

वर्षाली मॅडमच्या कपाळाला आठी. म्हणतात, दवाखान्यांत रांगा आणि दारोदार शून्य, हे जुळत कसं नाही? त्यांना म्हणावंसं वाटलं, मॅडम, तुमचा ताप यष्टीत बसून गेला. पण मीटिंगमध्ये पंख्याखाली बसायला मिळालं होतं, डोळा लागला.

समाधान सुट्टी टाकून येतोय. तुझा नवस फेडायला. मला म्हणाला, "मलिदा करायला शिकव." मी म्हणलं, भावा, मला मऊ भात येतो तेवढाच.

रविराज


बोरखडी
२८ जुलै

चि. रविराज यास आशीर्वाद.

समाधान आला, दहा दिवस राहिला, आज हिंदुरावच्या गाडीनं परत निघाला. त्याच्याच हाती हे पत्र.

हाडं दिसतात पोराची. पण खाल्लं पोटभर. परवा शनवारी नवस फेडला. मी नुसत्या पोळ्या लाटून भाजल्या. निवल्यावर त्यानं एकट्यानं परातीपुढं बसून कुस्करल्या, गूळ-तूप घालून मळलं, मूठ मूठ करून लाडवासारखं वळलं. मी हात लावला नाही, बोललेलं पाळलं. शनवारची सकाळची शाळा सुटली तशी लेकरं पारावर आली. एकेकाच्या हातावर ह्यानं ठेवला. सरूबाईची नात संस्कृती दोनदा रांगेत आली, ह्याला ओळखू आलं पण दिला.

कितीतरी दिवसांनी मी दुपारची झोपले.

तुझे पाय दुखतात म्हणून तेल पाठवलंय. लाव. नुसतं ठेवू नको.

तुझी मावशी


बोरखडी
१७ ऑगस्ट

चि. रविराज,

मधी तुझं पत्र आलं नाही, मीही लिहिलं नाही. इथं लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि आता आहे ते लिहावं वाटत नाही.

शाळेतली लेकरं तापानं पडलीत. एक झालं, दोन झाली, आता घराआड एक आहे. संस्कृतीला बार्शीला ऍडमिट केलंय. तिथं रक्त तपासलं, मुदतीचा ताप निघाला. सरकारी माणसं आली, आडात पावडर टाकून गेली. मला वाटतं आडाचंच पाणी आहे. आड कुठं कोणी उपसलाय पाच वर्षांत.

पण गावाला आड नको, माणूस पाहिजे. मुख्याध्यापक उद्धवराव गुरुजींनी सगळे पालक बोलावले आणि सगळ्यांसमोर सरूबाईला विचारलं, "खिचडी करण्याआधी हात धुता का?" बारा वर्षं शिजवती ती. तिला काही बोलताच आलं नाही. गप्प राहिली म्हणून लोकांना वाटलं कबूल झाली. मागून एकजण म्हणाला, "स्वतःच्या नातीलाबी सोडलं नाही." तिचं काम बंद केलं. आता पोळ्यानंतर दुसरी बाई ठेवायची, कायमची, असं ठरतंय.

ती रोज माझ्या ओट्यावर येऊन बसती. बोलत नाही. आपले हात उलटेपालटे करून बघती. माझ्याच्यानं बघवत नाही.

तू तापाचंच काम करतोस ना? तुझ्या त्या मॅडमला विचार. खिचडीनं असं होतं का? नाही होत असं त्यांनी लिहून दिलं तर गुरुजी ऐकतील. सरूबाईची शेगडी तिला परत मिळाली पाहिजे, दुसरं काही मागत नाही.

मावशी


खराबवाडी
२१ ऑगस्ट

ती. मावशीस,

मॅडमना विचारलं. त्या निघोज्याच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या, कंटेनरची रांग हलत नव्हती, मी त्यांच्या गाडीत मागं. तिथंच तुझं पत्र वाचून दाखवलं. तेल लावण्याचं मागच्या पत्रातलं आहे, ते चुकून वाचलं गेलं. लावलेलं नाही हे त्यांनाही कळलं.

त्या म्हणाल्या, खिचडी उकळती उतरते आणि पोरं गरम खातात. त्यात हा जंतू सहसा तगत नाही. पाणी असू शकतं, पण पाणी मोठी माणसंही पितात. मोठी पडलीत का? नुसती शाळेतलीच पोरं असतील तर बघा, सगळ्यांनी मिळून काय खाल्लं. शिजल्यानंतर हातानं मळलेलं, गार. आणि ताप दिसायच्या आठ दिवस, पंधरा दिवस आधीचं. मग विचारलं, गावात त्याआधी बाहेरून कुणी आलं होतं का? टायफॉइड होऊन नुकताच उठलेला? ताप जातो, पण कित्येकांच्या पोटात जंतू काही आठवडे राहतो. हात पुरते धुतले गेले नाहीत की तिथून अन्नात. माणूस ठणठणीत दिसतो. गोळ्या अर्धवट सोडलेल्या असल्या तर विचारूच नका.

मी हो हो म्हणत होतो. मनात त्या कंटेनरवरचे नंबर वाचत होतो, मला ती सवय आहे. आणि वाचता वाचता एकदम नंबरच चुकले.

मावशी, मलिदा.

मी हे कुणाला बोललेलो नाही. मॅडमनी विचारलं काय झालं, मी म्हणालो पाय दुखतायत. समाधानलाही अजून सांगितलं नाही. आधी तुला लिहितोय, कारण सरूबाई तुझ्या ओट्यावर बसते.

रविराज


बोरखडी
२४ ऑगस्ट

रविराज,

देवापुढं ठेवलेलं कधी बाधत नाही. आजवर कुणाला बाधलेलं मी ऐकलं नाही.

मी तुला खिचडीचं विचारलं होतं. माझ्या पोराचं विचारलं नव्हतं. मरणाच्या दारातून माघारी आलेलं पोर, देवाचे उपकार फेडायला परातीपुढं दोन तास बसलं, आणि तू गाडीत बसून त्याच्यावर बोट ठेवतोस. त्याची सोयरीक बोलायची आहे माघात. गावाला हे कळलं तर त्याच्या हातचं पाणी कोण पिईल?

आणि तू कोण शहाणा लागून गेलास? कॉलेज पुरं केलं नाहीस, एक नोकरी वर्षभर टिकवली नाहीस.

हे पत्र वाचून फाडून टाक. पुन्हा त्या विषयावर लिहू नको.

इंदू


खराबवाडी
३१ ऑगस्ट

ती. मावशीस नमस्कार.

पत्र फाडलं नाही. समाधाननं वाचलं. मी गादीखाली ठेवलं होतं, तो गादी उलटत होता, ढेकणांसाठी. वाचून उलट्या गादीवर बसला. मग विचारलं, "संस्कृती कशी आहे?" एवढंच.

दुसऱ्या दिवशी स्वतः मॅडमकडे आला माझ्याबरोबर. अर्धा दिवस खाडा करून. डबी घेतली, संडासाचं तपासायला दिलं. जंतू निघाला, मावशी. अजून आहे त्याच्या पोटात. बाहेरून बघशील तर गाल भरलेत त्याचे. मॅडम त्याला रागावल्या नाहीत, मला रागावल्या. म्हणाल्या, "गोळ्या पुऱ्या झाल्या का हे तुम्ही दारोदार विचारता ना, रविराज?" आता नवा कोर्स चालू आहे, मी समोर उभं राहून गिळायला लावतो. जेवण मी करतो, तो भांड्यालाही हात लावत नाही. मऊ भात बंद केलाय, दोघांनाही कंटाळा आला.

समाधान म्हणतो, मी गावी येतो आणि पारावर उभा राहून सांगतो. मी थांबवलंय. पुन्हा तपासून स्वच्छ निघेपर्यंत येऊ नको म्हणलं. खरं तर तुझ्यासाठी थांबवलं.

इकडं मॅडमनी तो 'गावी गेला'चा चौकोन बदलून घेतला. आता टिक केली की पुढं प्रश्न उघडतो, गावाचा फोन मागतो. मी दिवसभर फोन लावतो. "तुमचा मुलगा चाकणहून आलाय का? बरा आहे का? घरात आणखी कुणाला?" एकेक म्हातारी बोलत सुटते, पिकाचं, सुनेचं, आणि मग हळूच, हो, धाकट्यालाही आलाय आता. आमच्या चाळीचं शून्य गेलं. निघोज्याचं गेलं, म्हाळुंग्याचं गेलं. कोंडीरामकाका म्हणतात, "बदनामी केलीस की रं चाळीची." पण काल त्यांनीच टाकी धुऊन घेतली. मॅडम खूश आहेत म्हणावं तर तसंही नाही, आकडा खरा झाला की कुणी खूश होत नाही. नुसते सगळे थकलेले दिसतात.

सांगायचं ते वेगळंच. आमच्या खोलीवरही आता टिक आहे. मॅडमच्या मदतनीस बाईनं भरली, मी नियमानं भरू शकत नाही. गावाचं नाव विचारलं. समाधाननं सांगितलं, बोरखडी. ते कळवणार आहेत तुमच्या तालुक्याला, पण सरकारी कागद पोहोचेपर्यंत पोळा उलटून पंधरा दिवस झालेले असतील आणि सरूबाईच्या शेगडीपुढं दुसरी बाई बसलेली असेल. कागदात समाधानचं नावही नसेल, मलिद्याचंही नसेल. तुला काहीच बोलावं लागणार नाही.

मी काही सांगत नाही. तू म्हणालीस ते बरोबर आहे, मी एक नोकरी वर्षभर टिकवलेली नाही. ही टिकवावी म्हणतो. पाय फार दुखतात. काल तेल लावलं.

तुझा रवि


बोरखडी
१३ सप्टेंबर

चि. रवि यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. हिंदुराव दोन खेपा विचारून गेला, "मावशी, काय द्यायचंय का?" नाही म्हणून धाडलं.

पहिल्यांदा वाटलं, तूच म्हणालास ना, काही बोलावं लागणार नाही. मग नाही बोलायचं. तसं ठरवून मी निजले. सकाळी दार उघडलं तर सरूबाई ओट्यावर. संस्कृतीला आदल्या दिवशीच घरी आणलं होतं, ती मांडीवर. केस कातरलेले, एवढीशी झालेली. पोरीनं मला विचारलं, "आज्जी, पुन्हा मलिदा कधी?"

सरूबाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मला वाटतं तिला त्याच घडीला कळलं. मी बोलले असते तर बरं झालं असतं, पण मला चहा टाकायचं सुचलं. तो तिनं घेतला नाही.

मागच्या शनवारी मी पारावर गेले. गुरुजी होते, कमिटीची माणसं नव्या बाईचं ठरवायला बसली होती. बायका लांबून बघत होत्या. मी म्हणाले, ताप खिचडीतून गेला नाही. माझ्या परातीतून गेला. नवस मी बोलले होते. हात माझ्या पोराचे होते, पण दुसरा हात लागू देणार नाही हा हट्ट माझा. त्याला काही बोलायचं असेल तर मला बोला.

मग गुरुजी म्हणाले, "अहो इंदुताई, प्रसादाचं कसं काय म्हणता?" त्यांनाही ते नकोच होतं. सरूबाई सोपी होती. मी तुझं पत्र पुढं केलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते वाचा म्हणलं. त्यांनी वाचलं. तेलाचंही वाचलं.

सोयरीक मोडली असं समज. निरोप आलाय तिकडून, "सध्या थांबू." समाधानला सांग किंवा सांगू नको, तुला जमेल तसं. पारावर हल्ली मी बसले की बायका उठत नाहीत, पण जागा मोठी करून देतात. दमले मी. राग नाही, दमले फक्त.

सरूबाईला परत बोलावलं. काल तिचा पहिला दिवस. मी बघायला गेले. शेगडी पेटली, खिचडी झाली, वास सुटला, आणि पंगतीत लेकरं तीनच. बाकीच्यांना घरून डबे दिलेले. ती पातेल्यापाशी पळी घेऊन उभी. बारा वर्षांत तिला असं रिकाम्या पंगतीपुढं उभं मी बघितलं नव्हतं.

मग मी चप्पल काढली आणि लेकरांच्या ओळीत जाऊन बसले. गुडघे वाजले. म्हणलं, वाढ. लेकरं हसली. दाराशी दोन आया उभ्या होत्या, त्यांनी आत बघितलं. एकीनं आपल्या पोराचा डबा पिशवीत परत घातला आणि त्याला माझ्या शेजारी बसवलं.

सरूबाई वाढत वाढत माझ्यापाशी आली. महिन्यात एक शब्द बोलली नव्हती माझ्याशी. पळी माझ्या ताटावर आणली आणि तशीच वर धरून ठेवली. गुरुजींनी तिला विचारलं होतं ना, अगदी तसंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"इंदे, हात धुतलेस का?"

मी उठले आणि धुऊन आले.

तुझी मावशी